तेच गाणं, पण तेच नव्हे!

बालमित्रांनो, आधी एक गंमत करू या. 'बाबा आले' हे वाक्य मोठ्याने म्हणा. आता तेच वाक्य असं म्हणा, की बाबा पुष्कळ दिवसांनी परगावाहून आले आहेत. म्हटलंत? आता असं समजा, की अभ्यास तसाच पडलाय, तुम्ही टी.व्ही.समोर बसला आहात आणि तेवढ्यात बाबा आले! आणि आता असं म्हणा, की बाबा आले की नाही, हे तुम्हाला कुणाला तरी विचारायचंय.

पाहिलंत? शब्द दोनच. एक काना बदलला नाही की एक मात्रा बदलली नाही. तरी तीन वेगळ्या गोष्टी तयार झाल्या!

गाण्याचंही असंच असतं. तेच शब्द, तोच राग, तोच ताल. पण गाणारा बदलला की गाणं बदलतं. आज मला तुम्हाला हेच सांगायचंय.

मी काही गायिका नाही बरं का! मिरजेजवळच्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड.ला असताना पेटीवर बोटं फिरवायला शिकले, तेवढ्यावर आमच्या शाळेची प्रार्थना चालते. पण ऐकण्याचा नाद मला लहानपणापासून आहे. मिरज म्हणजे सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांचं गाव. तिथल्या गल्लीतून जाताना कुणीतरी तारा जुळवत बसलेलं असायचं. ते ऐकत ऐकत घरी जायचं, हाच आमचा खेळ. आता माझ्या वर्गातली मुलंही दर शनिवारी शाळा सुटण्याआधी पंधरा मिनिटं गाणं ऐकतात. आमचा नियम एकच : एकच चीज दोन गायकांकडून ऐकायची आणि मग बोलायचं.

आता 'चीज' म्हणजे काय? आपल्या शास्त्रीय गाण्यात जे छोटंसं पद गातात, त्याला चीज किंवा बंदिश म्हणतात. तिचे दोन भाग असतात, स्थायी आणि अंतरा. शब्द म्हणाल तर मोजून चार-पाच ओळींचे. पण गवई त्यावर तासभर गाऊ शकतो! पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी देशभर हिंडून, थोर थोर गवयांकडून अशा कितीतरी बंदिशी गोळा केल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' या नावाने छापल्या. स्वरलिपीत कोणत्या अक्षरावर कोणता सूर आणि कोणती मात्रा, हे लिहिलेलं असतं. पण सगळं काही त्यात मावत नाही. कुठे क्षणभर थांबायचं, कोणता शब्द गोंजारायचा, कोणता नुसता स्पर्श करून सोडून द्यायचा, हे कागदावर कसं लिहिणार? आईच्या पाककृतीच्या पुस्तकात 'मीठ चवीपुरते' असं लिहिलेलं असतं ना? गाण्यातही असं पुष्कळसं 'चवीपुरते' असतं. ते ज्याचं त्यानेच ठरवायचं.

आमच्या मिरजेचीच गोष्ट घ्या. उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) हे फार मोठे गवई मिरजेत राहत. मूळचे ते उत्तरेकडच्या किराना गावचे, म्हणून त्यांच्या घराण्याला किराना घराणं म्हणतात. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तिथे दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ गायन होतं. झिंझोटी रागातली एक ठुमरी त्यांनी तबकडीवर गाऊन ठेवली आहे. त्या काळच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेत आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं मावे. तेवढ्यातच जे काय सांगायचं ते सांगायचं! खाँसाहेबांचा आवाज बारीक, गोड, रेशमाच्या धाग्यासारखा. जिवलगाची वाट पाहून मन बेचैन झालंय, अशी ती ठुमरी आहे. खाँसाहेब ती अशी गातात, जणू कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच डोळे पुसताहेत.

गदगच्या एका लहान मुलाने ही तबकडी ऐकली आणि तो वेडाच झाला. मलाही असं गाता आलं पाहिजे, एवढंच त्याच्या मनात. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात त्याने घर सोडलं. (तुम्ही मात्र असं करू नका हं! आता गुरू शोधायला आई-बाबाच मदत करतात.) ग्वाल्हेर, जालंधर असं कुठे कुठे फिरून अखेर त्याला गुरू मिळाले, ते घराच्या जवळच, कुंदगोळला! त्या गुरूंचं नाव सवाई गंधर्व, आणि हा मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी (१९२२-२०११). पुढे ज्यांना 'भारतरत्न' मिळालं, तेच.

मोठेपणी भीमसेनजी तीच ठुमरी गायले. ज्या तबकडीने वेड लावलं, तिची त्यांनी हुबेहूब नक्कल केली असेल, असं वाटतं ना? तशी नक्कल नाही केली त्यांनी. त्यांचा आवाज भरदार, दमसास मोठा. खाँसाहेब जिथे हळूच डोळे पुसतात, तिथे भीमसेनजींची हाक डोंगरापलीकडे जाते. ठुमरी तीच, बेचैनीही तीच. पण एकाची बेचैनी घरात कोंडलेली, तर दुसऱ्याची उघड्या माळावरची.

आणि मधे तिसरेही एक आहेत. 'देवदास' नावाचा एक बोलपट आला होता. त्यात कुंदनलाल सैगल यांनीही हीच ठुमरी गायली आहे. ताना नाहीत की फिरत नाही. एकटा माणूस स्वतःशीच बोलतोय, असं ते गाणं.

माझ्या वर्गात आम्ही हे तिन्ही एकामागून एक ऐकलं. एक मुलगा म्हणाला, "बाई, पहिले रडतायत, दुसरे हाका मारतायत आणि तिसरे गप्प बसलेत." गाणारे गप्प कसे बसतील, म्हणून सगळे हसले. पण मला विचाराल, तर त्याचं बरोबर होतं.

आता कुणी म्हणेल, यांचे गुरू वेगवेगळे, म्हणून गाणं वेगळं. बरं, मग एकाच गुरूचे शिष्य पाहू. सवाई गंधर्व (१८८६-१९५२) हे अब्दुल करीम खाँचे शिष्य. त्यांच्याकडे भीमसेनजी शिकले, तशाच गंगूबाई हनगलही शिकल्या आणि मुंबईचे फिरोज दस्तूरही शिकले. तेच राग, त्याच बंदिशी, तीच शिस्त. पण गंगूबाई ऐका. तरुणपणीच्या तबकड्यांत त्यांचा आवाज बारीक आहे. पुढे घशाचं दुखणं झालं, उपचार झाले आणि आवाज पार बदलला. पुरुषी वाटावा इतका भारदस्त झाला. दुसरं कुणी असतं तर खचून गेलं असतं. गंगूबाईंनी त्या आवाजातलंच बळ ओळखलं आणि त्याला शोभेल असं ठाम, संथ, एकेक सूर रोवून उभा करणारं गाणं उभारलं. दस्तुरांचा आवाज याच्या अगदी उलट, मऊ आणि आर्जवी. अब्दुल करीम खाँच्या वळणाला तो फार जवळचा. एका गुरूच्या अंगणातली ही तीन झाडं! पाणी एकाच विहिरीचं. पण एकाला आंबे आले, एकाला फणस आणि एकाला चिकू.

हे सगळं तुम्हाला मुद्दाम का सांगते आहे? त्याला एक कारण आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. आवाज गोड आणि सुरात. घरी आजी भजनी मंडळात गाणारी. आजीकडून ती तुकाराम महाराजांचा एक अभंग शिकली. एका गायनस्पर्धेत तिने तो म्हटला. छान म्हटला. पण परीक्षक म्हणाले, "मूळ चाल अशी नाही. मोबाइलवर मिळते, ती ऐकून अगदी तशीच बसव." गुण कमी पडले, ते पडोत. पण त्या दिवसापासून मुलगी गाईनाशी झाली. प्रार्थनेलाही नुसते ओठ हलवायची. विचारलं तर म्हणायची, "मला चुकीचं येतं."

दोन-तीन महिने असेच गेले. एका शनिवारी मी वर्गात तोच अभंग दोघांकडून ऐकवला. एक होती वारीतली दिंडी, टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर चालणारी. दुसरे होते मैफलीत तानपुऱ्यावर गाणारे शास्त्रीय गायक. दोन्ही चाली अगदी वेगळ्या. ऐकून झाल्यावर त्या मुलीने कितीतरी दिवसांनी हात वर केला.

"बाई, मग तुकाराम महाराज स्वतः कुठल्या चालीत म्हणायचे?"

मी म्हटलं, "ते कुणीच सांगू शकत नाही, बाळ. सतराव्या शतकातली गोष्ट ती. तेव्हा गाणं साठवून ठेवायला यंत्र नव्हतं. शब्द आपल्यापर्यंत पोहोचले. चाली मात्र ज्यांनी ज्यांनी प्रेमाने गायल्या, त्यांच्या त्यांच्या आहेत."

ती काही बोलली नाही. पण पुढच्या शनिवारी ती आजीला घेऊनच शाळेत आली! आजी गायली. मग आजीच्या पाठोपाठ ती गायली. आणि गंमत पाहा, तिचं गाणं आजीसारखंही नव्हतं. आजी जिथे दम घ्यायची, तिथे ही घेत नव्हती. आजीची लय बैलगाडीची, हिची सायकलची. आजी डोळे मिचकावून म्हणाली, "माज्यासारकं कुटं गाती ही? हिचं हिचंच हाय!"

मुलांनो, आता तुम्ही विचाराल, मग काय वाटेल तसं गायचं? छे छे! तसं मुळीच नाही. घरी पेटी असेल तर एक प्रयोग करा. सा, रे, ग, प, ध एवढेच पाच सूर घ्या. म आणि नि यांना हात लावायचा नाही. 'ग'वर जास्त विसावलात, सूर शांतपणे फिरवलेत, की तो होतो भूप, संध्याकाळी गायचा राग. हेच पाच सूर ठेवून 'ध'ला जास्त मान दिलात, की होतो देशकार, तो सकाळचा राग! म्हणजे एका सुरावर किती रेंगाळायचं, एवढ्या फरकाने संध्याकाळची सकाळ होते. भूप गाणाऱ्याने भूपाचं अंगण सोडायचं नसतं. त्या अंगणात मात्र त्याने कुठे रांगोळी काढायची आणि कुठे तुळस लावायची, हे त्याचं त्याने ठरवायचं. मोकळीक आहे, पण मोकाट सुटायचं नाही.

शिवाय ही मोकळीक फुकट मिळत नाही. पंडित कुमार गंधर्व (१९२४-१९९२) यांचं उदाहरण पाहा. त्यांचं खरं नाव शिवपुत्र कोमकली. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा आठ-दहा वर्षांचा असताना मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवायचा. लोक तोंडात बोट घालायचे. 'कुमार गंधर्व' ही पदवीही त्याला लहानपणीच मिळाली. पण एवढ्यावर तो थांबला नाही. मुंबईला प्रोफेसर बा. र. देवधर यांच्याकडे राहून वर्षानुवर्षं शिकला. पुढे क्षयाने गाठलं. देवासला अंथरुणावर पडून राहावं लागलं, काही वर्षं गाणं बंद. त्या दिवसांत माळव्यातल्या बायाबापड्यांची लोकगीतं कानावर पडत, ती ते मन लावून ऐकत. बरे झाले, पुन्हा गायला बसले, तेव्हा गाणं त्यांचं स्वतःचं होतं. लहान लहान, वीज चमकून जावी तशा ताना आणि मधे बोलकी शांतता.

याच कुमारांनी पुढे बालगंधर्वांची नाट्यपदं गायली. बालगंधर्व (१८८८-१९६७) म्हणजे महाराष्ट्राचं दैवत. त्यांच्या पदांना हात लावायचा म्हणजे धाडसच! कुमारांनी त्या कार्यक्रमाला नाव काय दिलं, ठाऊक आहे? 'मला उमजलेले बालगंधर्व'. पाहा बरं, किती नेमकं नाव आहे! 'मी सुधारलेले' नाही आणि 'मी नक्कल केलेले' तर नाहीच नाही. मला जसे समजले, तसे. यात बालगंधर्वांपुढे वाकलेली मान आहे आणि स्वतःच्या पायांवर उभं राहणंही आहे.

एखादा चौकस वाचक म्हणेल, "बाई, आपल्याकडे गवयाला मोकळीक असतेच. पण जिथे सूर न् सूर कागदावर लिहिलेला असतो, तिथे काय?" छान प्रश्न! युरोपातल्या शास्त्रीय संगीतात तसंच असतं. योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' नावाची रचना १७४१ साली छापली गेली. सुरुवातीला एक संथ धून, मग तिच्या आधाराने केलेले ३० प्रकार आणि शेवटी पुन्हा तीच धून. सगळं लिहिलेलं. पण किती वेगाने वाजवायचं, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नाही!

कॅनडातल्या ग्लेन गूल्ड या पियानोवादकाने ही रचना १९५५ साली ध्वनिमुद्रित केली. तेव्हा तो होता २२ वर्षांचा. आणि १९८१ साली, न्यूयॉर्कमधल्या त्याच स्टुडिओत बसून, त्याने ती पुन्हा वाजवली. पहिल्या वेळी सगळं मिळून सुमारे ३८ मिनिटं लागली होती, दुसऱ्या वेळी सुमारे ५१. दुसऱ्या वेळी त्याने काही भाग दोनदा वाजवले, हे खरं. पण नुसती सुरुवातीची धून घेतली, तरी तरुणपणी ती दोन मिनिटांच्या आत संपते आणि १९८१ साली तीन मिनिटांहून जास्त चालते. सूर तेच, कागद तोच, माणूससुद्धा तोच! पहिल्यात तो उड्या मारत जिना चढतो. दुसऱ्यात एकेका पायरीवर थांबून खाली वळून पाहतो. १९८२ साली, पन्नासाव्या वर्षी तो वारला. या दोहोंतलं खरं गोल्डबर्ग कोणतं, सांगा पाहू? मला तर दोन्ही खरी वाटतात. बावीस वर्षांच्या मुलाने अठ्ठेचाळिशीचं सोंग आणलं असतं, तर मात्र ते खोटं झालं असतं.

आता येत्या रविवारी तुम्ही काय कराल? एक गाणं निवडा. शास्त्रीय असो, अभंग असो की नाट्यपद. दोन गायकांकडून ते ऐका. डोळे मिटून ऐका. मग वहीत चार गोष्टी लिहा. जास्त सावकाश कोण गातं? श्वास घ्यायला कोण कुठे थांबतं? कोणत्या शब्दावर कोण जास्त रेंगाळतं? आणि ऐकून झाल्यावर मनाला काय वाटलं? 'जास्त चांगलं कुणाचं?' हा प्रश्न सगळ्यांत शेवटी ठेवा. पुष्कळदा असं होईल, की तिथवर येईपर्यंत तो प्रश्न विचारावासाच वाटणार नाही.

आणि पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलगा किंवा मुलगी गाऊ लागली, की आपण चटकन म्हणतो, "अगदी अमक्यासारखं गातो हं!" कौतुक म्हणून म्हणतो, पण मूल समजतं की अमक्यासारखं होणं हेच ध्येय. आधी नक्कलच करावी लागते, यात शंका नाही. अक्षर गिरवल्याशिवाय कुणाला लिहायला येत नाही. पण जन्मभर कुणी कित्ताच गिरवत बसत नाही. केव्हातरी ज्याचं त्याचं अक्षर होतं आणि वहीवर नाव नसलं तरी आम्हा शिक्षकांना ते ओळखू येतं. गळ्याचंही तसंच आहे. म्हणून मुलाने गाऊन दाखवलं, की "मूळ गाण्यासारखं झालं का?" एवढंच पाहू नका. "या ओळीवर तू का थांबलास रे?" असंही विचारा. उत्तर नाही आलं, तरी हरकत नाही. पुढच्या वेळी त्या ओळीपाशी येताना ते मूल विचार करील. गाणं समजायला तिथूनच सुरुवात होते.

तर मित्रांनो, कान उघडे ठेवा, आवाज मोकळा ठेवा आणि रविवारची वही लिहायला विसरू नका!